अमावास्येची देखभाल

केतकी सूर्यवंशीच्या हाताखालून जे जे सॉफ्टवेअर गेलं, त्या प्रत्येकाला तिनं आधी इडली करायला लावली होती.

खरी इडली नव्हे. स्वयंपाकात तिचा उजेड बेताचाच. तिच्या आईच्या शब्दांत सांगायचं तर ही पोरगी पाणीसुद्धा करपवील. केतकीची इडली पडद्यावरची. पूल बांधायचा असो की कारखाना हलवायचा असो, मोठ्या कामांचं वेळापत्रक आखणारी सॉफ्टवेअरं बाजारात यायच्या आधी पुण्याच्या एका तपासणी संस्थेकडे येत. तिथं केतकीचं काम एकच होतं. वेळेच्या अटी हे सॉफ्टवेअर खरोखर पाळतं की नुसती मान डोलावतं, ते बघायचं.

त्यासाठी इडलीसारखं दुसरं काम नाही, असं तिचं ठाम मत होतं. डाळ-तांदूळ भिजले की वाटायचे, वाटले की पीठ आंबवायला ठेवायचं. रात्रभर तरी ते आंबायलाच हवं. ही झाली कमीत कमी अंतराची अट, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरला कळते. पण पीठ एकदा फुगून आलं की दुपारच्या आत इडल्या लावायलाच हव्यात, नाहीतर आंबट ढाण. ही जास्तीत जास्त अंतराची अट, आणि भल्याभल्यांचं घोडं इथंच पेंड खातं. ‘हे झाल्यावर ते कर’ एवढं त्यांना समजतं. ‘हे झाल्यावर ते फार उशिरा करू नकोस’ म्हटलं की गडबडतात. त्यात केतकी मुद्दाम खोडा घालायची. पीठ फुगलं त्याच सकाळी शेगडी दुरुस्तीला, परत येणार दोन दिवसांनी. प्रामाणिक सॉफ्टवेअर अशा वेळी लाल होतं आणि सांगतं, बाई, हे जमायचं नाही, ह्यातली एक अट सोडा.

ह्या खेपेला समोर ‘सांगड’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. केतकीनं पीठ आंबवलं, शेगडी दुरुस्तीला पाठवली आणि बटण दाबलं. सांगडनं क्षणभर विचार केला आणि सगळं वेळापत्रक हिरवंगार करून दाखवलं. इडल्या परवा संध्याकाळी!

“अगं बाई,” केतकी पडद्याला म्हणाली, “परवाच्या इडल्या तूच खा.”

एरवी तिनं अहवालात एक ओळ लिहिली असती आणि चहाला गेली असती. पण ह्या वेळी ती मिरजेच्या एका रुग्णालयात चौथ्या मजल्यावर बसली होती, आणि तिथल्या सांगडच्या खऱ्या वेळापत्रकात इडल्या नव्हत्या. मूत्रपिंडं होती. त्यातलं एक तिच्या आईचं होतं.

*

त्या मजल्याला कागदोपत्री लांबलचक नाव होतं, पण अख्खी मिरज त्याला किडनीची नर्सरी म्हणे. नावात फारसं चुकीचं काही नव्हतं. रोग्याच्या दंडाची चिमूटभर कातडी घ्यायची. तिच्यातल्या पेशींना रसायनांनी असं फिरवायचं, की त्या आपण कातडी आहोत हे विसरून पुन्हा गर्भातल्यासारख्या कोवळ्या होतात, मग त्यांना हवं ते होता येतं. दुसरीकडे वनस्पतीच्या धाग्यांपासून मूत्रपिंडाचा एक पोकळ सांगाडा छापून घ्यायचा, केसाहून बारीक नळ्यांसकट. त्या सांगाड्यात पेशी पेरायच्या आणि तो कोमट, पौष्टिक द्रवाच्या काचपात्रात ठेवून द्यायचा. दोन-अडीच महिन्यांत पेशी सांगाडा खातात, त्याची जागा घेतात, आणि पात्रात एक गुलाबी, धडधाकट मूत्रपिंड तयार होतं. ते रोग्याच्याच पेशींचं असल्यामुळे शरीर त्याला परकं मानत नाही.

“ह्यात जनावराचं काही नाही ना?” एवढा एकच प्रश्न केतकीच्या आईनं, रंजनाताईंनी, पहिल्या दिवशी विचारला होता. नाही म्हटल्यावर त्यांनी दंड पुढं केला.

गोम होती ती शेवटी. मूत्रपिंड पिकलं, की त्याची भूक काचपात्राला पुरवण्यापलीकडे जाते. तिथून पुढं एक दिवस, फार तर. तेवढ्यात ते माणसाच्या पोटात गेलं नाही, रक्त त्याच्यातून खेळलं नाही, तर ते आतून सडायला लागतं आणि सगळं मुसळ केरात. कधी पिकणार हे पात्रातल्या संवेदकांवरून बरेच दिवस आधी अचूक कळायचं. पण त्याभोवती रोग्याचं शेवटचं डायलिसिस, रक्ततपासण्या, भूलतज्ज्ञ, सर्जन डॉ. शिरीन मुजावर आणि पात्र थेट जोडता येईल असं एकुलतं एक शस्त्रक्रियागृह, हे सगळं नेमकं जुळवून आणायचं होतं. माणसांच्या डोक्याला ते झेपेना, म्हणून सांगड आणायचं ठरलं, आणि ते विश्वासाचं आहे की नाही बघायला केतकी आली.

“माझी आई त्या यादीत आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा,” असं तिनं साहेबांना आधीच सांगितलं होतं.

“दुसरं आहे कोण?” साहेब म्हणाले होते. “अहवालावर आणखी दोघांच्या सह्या होतातच. आणि खरं सांगू का, ह्या वेळी तू जरा जास्तच नीट बघशील.”

तर तिनं नीट बघितलं. इडली बाजूला सारून खरं वेळापत्रक उघडलं. आईचं मूत्रपिंड आणि भाग्यश्री बिराजदार नावाच्या एका मुलीचं, दोन्ही एकाच हप्त्यात पेरलेली, दोन्ही पुढच्या मंगळवारी मध्यरात्रीच्या सुमाराला पिकणार. म्हणजे बुधवारी दोन्ही पोटात जायला हवीत. सांगडनं एक गुरुवारी सकाळी ठेवलं होतं, दुसरं गुरुवारी दुपारी. दोन्ही हिरवी.

केतकीनं बुधवारवर बोट ठेवलं. तिथं करडा पट्टा होता: ‘शस्त्रक्रियागृह बंद, यंत्रांची देखभाल’. मंगळवारीही तोच.

तिनं सांगडच्या कंपनीतल्या निनादला फोन लावला. पोरगा सालस होता, पण विकणाऱ्यांच्या पंक्तीत बसून बसून बोलणं गुळगुळीत झालेलं.

“मॅडम, बंद म्हणजे बंद, ती पक्की अट,” तो म्हणाला. “मग जास्तीत जास्त अंतराची अट आम्ही जरा ताणून घेतो. लाल दिसलं की ग्राहक बिथरतात हो. म्हणतात, एवढे पैसे मोजून आम्ही ‘नाही’च ऐकायचं का?”

“अरे, ताणून घेतो म्हणजे? सडेल ते!”

निनाद हळू म्हणाला, “ताणू नये, अशी खूण करायची सोय आहे, मॅडम. पण ती खूप आत आहे. कुणी करत नाही.”

“मी करते,” केतकी म्हणाली. “आणि ती बाहेर आणा, दारात ठेवा, असंही लिहिते.”

खूण केल्याबरोबर सांगड लालभडक झालं. पण लाल झाल्यानं बुधवार काही मोकळा होत नव्हता. देखभाल पुढं ढकलता येईल का, म्हणून केतकी यंत्रविभागात गेली, तर तिथला तंत्रज्ञ तिच्याकडे बघतच राहिला. “बुधवारी? आमची कसलीच देखभाल नाही. ती दिवाळीनंतर असते.”

*

डायलिसिसच्या खोलीत रंजनाताई नेहमीच्या खुर्चीत होत्या, खिडकीजवळच्या. एका हाताला नळ्या, दुसऱ्या हातात सुई. ब्राह्मणपुरीच्या कोपऱ्यावर उभी हयात ब्लाउज शिवण्यात गेलेली, आता मशीनवर बसवत नसे म्हणून हातशिलाई. मिरजेत त्यांचं नाव होतं ते तारीख न चुकवण्यासाठी. बाकीचे शिंपी ‘परवा या’ म्हणत आणि परवा पुन्हा ‘परवा या’ म्हणत. ह्या मुळात दोन दिवस लांबची तारीख देत आणि आदल्या दिवशी निरोप धाडत, झालाय म्हणून. केतकी वेळापत्रकातल्या मोकळ्या वेळेबद्दल, सवडीबद्दल बोलायला लागली, की त्या म्हणत, “एवढं काय शिकायचंय त्यात? शिवणीच्या आत जादा कापडाची माया ठेवतो, तसंच ते.”

शेजारच्या खुर्चीत भागी. भाग्यश्री बिराजदार, जतकडची, पंचविशीची, चार वर्षांच्या मुलीची आई. आठवड्यातून तीनदा ह्या दोघी शेजारी बसत, आणि बसून बसून त्यांचं मायलेकींसारखं झालं होतं. रंजनाताईंच्या हातात आत्ता होता तो भागीच्या लेकीचा झगा.

“आलीस? चेहरा का गं असा, कुणी मारल्यासारखा?” रंजनाताई म्हणाल्या. “जेवलीस का?”

“जेवले. आई, तुम्हा दोघींची बुधवारची...”

“बुधवारची नाही, गुरुवारची. सिस्टरनी सांगितलंय आम्हाला. बुधवारी अमावास्या नाही का? त्या म्हणाल्या, तुम्ही दोघी निवांत राहा, अमावास्येला हितं कुणाला आत नेत नाहीत.”

“व्हय, लई बरं झालं,” भागी म्हणाली. “अमावास्येला मी न्हाई झोपायची त्या टेबलावर. उठून गावाकडं जाईन सरळ. माझी सासू तर देवापुढनं उठंना झालीया.”

केतकी तिथंच उभी राहिली. मग तिनं मोबाइलवर पंचांग काढलं, सांगडमध्ये भरलेले रुग्णालयाचे मागचे महिने काढले, आणि दोन्ही शेजारी धरले. गेल्या महिन्यातली देखभाल, त्याच्या आधीच्या महिन्यातली. एकही अमावास्या सुटलेली नव्हती.

*

मार्था लोंढे सिस्टर ह्या मजल्याच्या मुख्य परिचारिका. मिरजेत चार पिढ्या दवाखान्यात नोकरी केलेलं घराणं. आवाज असा, की कॉरिडॉरच्या ह्या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा वॉर्डबॉय सरळ उभा राहतो. केतकीनं पडदा त्यांच्यासमोर धरला तेव्हा मात्र आवाज खाली आला.

“मीच घालते ते,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून. इथं सगळ्या सिस्टर तसंच करत आल्या.”

“तुम्ही अमावास्या मानता?”

“मी ख्रिस्ती बाई, मला कसली आलीय अमावास्या? पण रोगी मानतात ना. त्या दिवशी आत न्यायचं म्हटलं, की बीपी चढतं, रडारड होते, घरची माणसं दारात भांडतात. काही तर सही करून निघून जातात, आणि मग कधी परत येत नाहीत. आता डॉक्टरांना ‘अमावास्या आहे’ म्हटलं की ते अर्धा तास व्याख्यान देतात. ‘यंत्राची देखभाल’ म्हटलं की कुणी एक प्रश्न विचारत नाही. एक दिवस पुढं ढकलल्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं हो. हाडाचं ऑपरेशन एक दिवस थांबतं.”

“हे थांबत नाही, सिस्टर.”

केतकीनं त्यांना एका दिवसाची मुदत आणि पडद्यावरचा बुधवार जोडून दाखवला; आजवर अमावास्येच्या सुमाराला इथं एकही मूत्रपिंड पिकलं नव्हतं, म्हणून ते कधी नडलं नव्हतं. सिस्टर ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि त्या एवढ्या खमक्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“देवा रे. दोन्ही गेली असती. माझ्या हातानं.”

“गेली नाहीत ना अजून,” केतकी म्हणाली. तिला सिस्टरवर रागवायचं होतं, येतानाच तिनं वाक्यं जुळवली होती, पण आता राग येईना. तिनं सिस्टरचा हात धरला. “आपण असं करू. देखभाल काढू, आणि खरं काय आहे ते घालू. अमावास्या म्हणूनच घालू. पक्की अट नाही, इच्छा म्हणून. आणि ती पूर्ण दोन दिवस कशाला? तिथी कधी लागते आणि कधी सुटते, तेवढीच घालायची.”

“तिथी सुटते बुधवारी, चारच्या सुमाराला,” सिस्टर डोळे पुसत ताबडतोब म्हणाल्या. पंचांग त्यांना तोंडपाठ होतं.

दोघींनी मिळून ते घातलं. ह्या वेळी सांगडनं बराच वेळ घेतला. मग शस्त्रक्रियागृहाचे बुधवारचे दोन भाग करून दाखवले. एक सकाळी, दुसरा संध्याकाळी पाचला. मूत्रपिंडं दोन्ही वाचत होती. सकाळ अमावास्येत होती, संध्याकाळ अमावास्येबाहेर. आणि खाली, लाल चौकटीत, एक प्रश्न: ‘दोन्ही रोग्यांची इच्छा एकदम पाळता येत नाही. कुणाची सोडायची?’

“हे बरंय,” सिस्टर पुटपुटल्या. “निदान विचारतं तरी.”

त्या राउंडला गेल्या. केतकी एकटी पडद्यासमोर राहिली. दहा वर्षं ती सॉफ्टवेअरांना हेच शिकवत आली होती, की जमत नसेल तर लपवू नका, माणसाला विचारा. आता त्यानं विचारलं होतं. आठ वर्षांपूर्वी तिचे बाबा छातीच्या ऑपरेशनला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत, आणि तो दिवस अमावास्येचा होता. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, हृदयच थकलेलं होतं. पण आईच्या मनात तो दिवस कायमचा अडकला. अमावास्या आली की रंजनाताई दिवसभर शिलाईच्या मशीनला हात लावत नसत.

केतकीनं भागीच्या नावावर बोट ठेवलं आणि सांगडला उत्तर दिलं. आईला संध्याकाळ.

*

“मग सकाळी कोण?” रंजनाताईंनी विचारलं.

केतकीचं सगळं सांगून झालं होतं. भागीचं डायलिसिस आधी संपलं होतं, तिची खुर्ची रिकामी होती.

“भागी.”

“ती तर पळून जाईन म्हणती.”

“समजावू आपण तिला. डॉक्टर बोलतील. शेवटी अंधश्रद्धाच आहे ना, आई.”

रंजनाताईंनी झग्याचा दोरा दातानं तोडला आणि लेकीकडे बघितलं. “आणि माझी काय आहे मग?”

केतकी भागीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागली.

“माझ्या अंधश्रद्धेला संध्याकाळ, आणि तिच्या अंधश्रद्धेला समजूत होय गं?”

“तुझं वेगळं आहे. बाबांचं...”

“तेच म्हणते मी. माझं वेगळंय.” त्यांनी सुई झग्यालाच टोचून ठेवली. “मला भीती वाटते, केतू. तुला खोटं कशाला सांगू? ते आत जाताना मला म्हणाले होते, रंजू, संध्याकाळचा चहा माझ्यासाठी ठेव. मी तो थर्मास कितीतरी दिवस धुतला नव्हता. पण माझी भीती माझ्या ओळखीची आहे. आठ वर्षं तिच्यासंगं जेवलेय मी. त्या पोरीला नुसतं लोकांनी सांगितलंय म्हणून ती घाबरलीय, आणि तसली भीती फार वाईट, तिला तळच नसतो. ती खरंच निघून जाईल बघ. मग तिची ती गुलाबी किडनी काचेत बसंल वाट बघत.”

“आई, नको ना.”

“का नको? तुला तर अमावास्या काही नसतीच.”

“नसतेच! पण...”

केतकीला एकदम रडू फुटलं, शाळकरी पोरीसारखं, हुंदके देऊन. पलीकडच्या खुर्चीतले आजोबा वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले.

रंजनाताईंनी नळ्या नसलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. “उगी. उगी. हे बघ, लग्नाचा ब्लाउज आला की मी घरातले सगळे ब्लाउज मागं ठेवायची. नवरीला तारीख असती, आपल्याला नसती. भागीची पोर चार वर्षांची आहे. माझी पोर...” त्या हसल्या. “माझी पोर घोडी झालीया, आणि हितं भर दवाखान्यात रडतीय. जा, त्या तुझ्या यंत्राला सांग, रंजना सूर्यवंशीची इच्छा काढून टाक म्हणावं. आणि भागीला ह्यातलं काही बोलायचं नाही. तिला एवढंच सांगायचं, की तुझा नंबर अमावास्या सुटल्यावर.”

*

बुधवारी सकाळी मिरजेत लख्ख ऊन पडलं होतं. केतकी अमावास्या न मानणारी, पंचांगाला हसणारी, ती त्या सकाळी पायरीवर डावा पाय आधी पडला म्हणून मागं फिरली आणि पुन्हा चढली. कुणी बघितलं नाही ना, म्हणून तिनं आजूबाजूला नजर टाकली, तर वरच्या पायरीवर मार्था सिस्टर उभ्या होत्या.

“सिस्टर,” केतकी म्हणाली, “आज खरोखरच काही देखभाल वगैरे नाही ना?”

सिस्टरनी तिला जवळ ओढलं. “काही नाही गं बाळा. सगळी यंत्रं मी स्वतः बघून आलेय.”

रंजनाताईंना स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा त्यांनी हातातला झगा केतकीकडे दिला. “हा भागीला दे. आत माया ठेवलीय म्हणून सांग. पोर वाढली की उसवायचं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “संध्याकाळी चहा चालतो का गं, ह्याच्यानंतर?”

“विचारते,” केतकी कशीबशी म्हणाली.

दार बंद झालं. काचपात्र थोड्या वेळानं त्याच दारातून आत गेलं, चाकांच्या गाडीवर, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलेलं. त्यात अडीच महिने वाढलेला आईचा एक तुकडा होता. केतकी गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली आणि मग बाकावर बसली.

अहवाल पुरा करायचा म्हणून तिनं मांडीवर संगणक घेतला. पण एक ओळ लिहावी आणि दाराकडे बघावं, असं चाललं होतं. बाकावर भागीची सासू येऊन बसली, मोठं कुंकू लावलेली, मुठीत अंगारा. तिला कुणीतरी सांगितलं होतं आत कोण आहे ते, आणि आज काय आहे तेही.

“तुमची आई गेली व्हय आत? आज?” तिनं विचारलं.

“हो.”

म्हातारीनं मुठीतला अंगारा केतकीच्या कपाळाला लावला, आणि उरलेला दाराच्या दिशेनं फुंकला. केतकीनं कपाळ पुसलं नाही.

दुपार कलायला लागली तेव्हा डॉ. शिरीन मुजावर बाहेर आल्या. मास्क खाली केला. चेहरा थकलेला होता, पण डोळे हसत होते.

“बसलंय छान,” त्या म्हणाल्या. “रक्त सोडल्याबरोबर आणखी गुलाबी झालं. आता ते काम करायला कधी लागतं, ते बघायचं. कधी लगेच, कधी एखादा दिवस जातो. वाट बघायची.”

केतकीला अतिदक्षता कक्षात जाऊ दिलं तेव्हा आई डोळे मिटून पडली होती. पलंगाच्या कडेला एक पारदर्शक पिशवी लटकलेली, तिच्याकडे जाणारी नळी, आणि दोन्ही कोरडी ठणठणीत. रंजनाताईंच्या शरीरानं स्वतः पाण्याचा एक थेंब बाहेर टाकून दीड वर्ष झालं होतं. केतकी स्टूल ओढून त्या पिशवीसमोर बसली. शहाण्यासुरत्या, पदवीधर बाईनं लघवीच्या पिशवीकडे टक लावून बसावं, ह्याचं तिला त्या वेळी काहीच वाटलं नाही.

“किती वाजले?” आईचा आवाज आला, अगदी बारीक.

“साडेपाच, आई. मी आहे इथं.”

“भागी गेली आत?”

“पाचला गेली. हसत गेली. झगा उशाशी घेऊन बसली होती सकाळपासून.”

“सुटली ना अमावास्या?”

“सुटली. चारलाच.”

रंजनाताईंनी डोळे पुन्हा मिटले. ओठ कोरडे होते, केतकीनं ओला बोळा फिरवला. आणि तेवढ्यात, खाली वाकलेली असताना, तिला नळीत काहीतरी हललेलं दिसलं. पिवळसर, इवलासा थेंब. तो नळीच्या वळणावर थबकला, मागून दुसरा आला, आणि दोघे मिळून पिशवीत पडले.

“सिस्टर!” केतकी ओरडली. “सिस्टर, या! लवकर!”

मार्था सिस्टर धावत आल्या. त्यांनी वाकून बघितलं, आणि छातीवर क्रूसाची खूण केली. तिसरा थेंब, चौथा, मग धार. बारीक होती, पण धार होती. केतकी एकदम हसायला आणि रडायला लागली.

“काय झालं गं? कशाचा दंगा?” रंजनाताईंनी विचारलं.

“तुम्हाला लघवी झाली, ताई,” सिस्टर म्हणाल्या. आवाज पुन्हा कॉरिडॉरच्या त्या टोकापर्यंत जाईल असा होता. “आपोआप! भर अमावास्येला बसवलेली किडनी, आणि बघा कशी कामाला लागलीय!”

रंजनाताईंच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात गेलं. केतकीनं ते पुसलं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आठ वर्षं अमावास्या म्हटलं की मला तो थर्मास तेवढा आठवायचा. आता हेही आठवंल.” मग लेकीचा हात चाचपत त्यांनी विचारलं, “चहाचं विचारलंस का गं?”

“विचारलं. आज दोन घोट पाणी. चहा उद्या सकाळी.”

“चालंल,” रंजनाताई म्हणाल्या. “दोन कप ठेव. भागी उठली असंल तोवर.”